कात्री बाजूला सारणाऱ्या बाईंना

बाई,
स.न.वि.वि.

नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं ‘बाई’.

माझ्या टॅपेस्ट्रीचा, म्हणजे विणून चित्र उमटवायच्या कापडाचा, ताणा (चौकटीवरचे उभे धागे) फुकट गेला, कापून टाका आणि नव्याने चढवा, असं तोवर तिघांनी सांगून झालं होतं. कात्री चौकटीवरच ठेवलेली होती. तुम्ही ती उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला सारलीत, पदर खोचून जमिनीवर बसलात आणि म्हणालात, “आधी मोजूया तर खरं.” आभार मानायचे आहेत ते त्या सारण्याचे. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

रुंदी १० इंच. वरच्या पट्टीवर दोन ओळींत नागमोडी ठोकलेले ६० खिळे. चौकट विकणाऱ्याने ती ‘इंचाला सहा धागे’ म्हणून विकली, शिकवणाऱ्यांनीही सहाच म्हटलं. दोघांनी खिळे मोजले होते, धागे कुणीच नाही. दोरा खिळ्याला वळसा घालून परत खाली येतो, म्हणजे एका खिळ्याला दोन धागे. एकूण १२०, इंचाला १२. आणि लोकर दिलेली सहाच्या हिशोबाची, दोन पदरी.

टॅपेस्ट्रीत ताणा दिसता कामा नये, बाण्याने (लोकरीच्या आडव्या धाग्याने) तो पुरता झाकायला हवा. त्यासाठी बाण्याला दोन धाग्यांमधल्या फटीत खाली उतरावं लागतं. फट अरुंद असली की तो उतरत नाही, वरच तरंगतो, मग ओळीवर ओळ दाबून बसत नाही आणि ताण्याचे पांढरे ठिपके सगळीकडून डोकावतात. यावर आम्हाला मिळालेला सल्ला काय, तर पंजा (बाणा दाबून बसवायची दातेरी फणी) आणखी जोराने मारा! जागाच नसेल तिथे मारून काय बसणार? एका जाणकारांनी तर गोव्याच्या पावसाला दोष दिला. दमट हवेत सुती दोऱ्याचा ताण बदलतो हे खरं, जूनमध्ये चौकट पुन्हा तपासावी लागते हेही खरं, पण एका इंचात किती धागे आहेत हे काही पाऊस ठरवत नाही.

तुम्ही आकडा सांगितलाच नाहीत. बाण्याचा तुकडा घेऊन दोन उभ्या धाग्यांच्या मध्ये त्यांच्याच बाजूने उभा धरलात. तो धाग्यांना न ढकलता फट भरून टाकतो का, एवढंच बघायचं. ढकलत असेल तर ताणा दाट किंवा बाणा जाड. बाजूने उजेड दिसत असेल तर ताणा विरळ. मग वीण लुळी पडते, कापडाला अंग राहत नाही. मग तुम्ही पेन्सिलीने पट्टीवर ठिपके दिलेत, दर दोन धाग्यांवर एक. साठ ठिपके. जोडीलाच एक धागा मानायचं, म्हणजे इंचाला सहा. पुन्हा चाचणी: लोकरीचा एक पदर ढिला, तीन शिरेनात, दोन बरोबर. ताण्याचा एक धागाही कापला गेला नाही.

दुसरी वाटही तुम्हीच दाखवलीत: बारा तसेच ठेवा, लोकर बारीक घ्या, नक्षी नाजूक येईल पण दिवस जास्त लागतील. जोड्यांनी विणायचं तर चित्र सोपं करावं लागतं. तीन इंचांच्या वर्तुळाला ३६ ऐवजी १८ च पायऱ्या मिळतात, होडीच्या शिडाची तिरपी कड दातेरी होते. ही किंमत तुम्ही आधीच सांगितलीत. फुकटचा दिलासा दिला नाहीत, हे फार बरं झालं.

कडा आत ओढल्या जाण्याचं गणितही तेव्हाच उलगडलं. बाणा सरळ ताणून भरला आणि दहा इंचांची रुंदी नऊवर आली, की त्याच ६० जोड्या इंचाला सहाच्या जवळजवळ पावणेसात होतात, आणि गेलेले पांढरे ठिपके मधूनच परत उगवतात. म्हणून बाणा कमानीसारखा सैल टाकायचा, लांब ओळ असेल तर छोट्या छोट्या टेकड्या करायच्या, मग पंजाने बसवायचा. दर दोन इंचांनी पट्टी लावून रुंदी बघायची. हे इतकं साधं असून कुणी सांगत का नाही?

“पैठणीचा ताणा बघा किती दाट असतो” हे ऐकवणाऱ्यांना तुम्ही दिलेलं उत्तर इथे नोंदवतेच. पैठणीच्या पदरावरची नक्षी टॅपेस्ट्रीच्याच पद्धतीची, पण तिथे रेशीम बारीक, म्हणून ताणा दाट चालतो. आपल्या कुणबी कापडाच्या चौकडीत तर उभा आणि आडवा दोन्ही धागे दिसायलाच हवेत, तिथला आकडा इथे उचलून कसा चालेल? ताण्याला नायलॉनचा जाळ्याचा दोरा नको, तो ताणला जातो आणि निसटतो. घट्ट पिळाचा सुतीच हवा, हेही तुम्ही म्हापशाच्या बाजाराकडे बोट दाखवत बजावलंत.

जाणकार माणसं इथे पुष्कळ आहेत, बाई. दुसऱ्याच्या चौकटीसमोर मांडी घालून एकशे वीस धागे बोटाने मोजणारी थोडी. तुम्ही अठ्ठ्याण्णववर चुकलात, हसलात आणि पुन्हा एकपासून सुरुवात केलीत.

विणकाम सात इंचांपर्यंत आलंय. रुंदी अजून दहाच आहे. पट्टीवरचे ठिपके पुसलेले नाहीत. तुमची पेन्सिल इकडेच राहिली, चवथीला येताना घेऊन येते.

तुमची,
साठ जोड्यांची ऋणी