21 वर्षं लढलेलं शहर एका ओळीत गुंडाळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ग्रीसच्या ट्रिपवरचा लेख आला होता, क्रीट बेटाचा. फोटो झकास होते, समुद्राचे, जेवणाच्या टेबलाचे, पण हेराक्लिऑनच्या तटबंदीच्या फोटोखाली एवढंच लिहिलं होतं की हा किल्ला 21 वर्षं अजिंक्य राहिला आणि शेवटी फितुरीमुळे पडला. बास, विषय संपला. लेखकावर माझा राग नाही, गाईडने जे सांगितलं ते त्यांनी लिहिलं असणार, पण ही ओळ मी इतक्या वेळा इतक्या गडांवर ऐकलीये ना की राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो.

या हेराक्लिऑनचं जुनं नाव कँडिया. इटलीतल्या व्हेनिस ह्या व्यापारी राज्याच्या ताब्यातलं शहर. भानगड सुरू झाली 1644 मध्ये, माल्टाच्या नाइट्सनी (माल्टा बेटावरचा ख्रिश्चन लढवय्यांचा संघ) समुद्रात तुर्की जहाजं लुटली, त्यात मक्केला निघालेले यात्रेकरू होते, सुलतानाच्या दरबारातली मोठी माणसं होती, आणि परत जाताना हे लुटारू क्रीटच्या किनाऱ्याला टेकले. झालं, राग निघाला व्हेनिसवर. 1645 ला तुर्की फौज बेटावर उतरली, कानिया घेतलं, पुढच्या वर्षी रेथिम्नो घेतलं आणि 1 मे 1648 ला कँडियाला वेढा पडला. तो उठला 1669 च्या सप्टेंबरात. आपल्या हिशेबात सांगायचं तर वेढा पडला तेव्हा शिवाजी महाराज अठरा वर्षांचे होते, मधे अफझलखान झाला, लाल महाल झाला, पुरंदरचा तह झाला, आग्र्याहून सुटका झाली, आणि कँडिया पडल्यावर पाचच महिन्यांनी तानाजी सिंहगड चढले. एवढा काळ एक शहर लढत होतं आणि आपण म्हणतो फितुरीने पडलं!

बरं, फितूर होता का? होता. अंद्रेआ बरोझ्झी नावाचा इंजिनिअर, व्हेनिसच्या बाजूचाच, तटबंदी आतून-बाहेरून माहिती असलेला. 1667 मध्ये तो तुर्कांना जाऊन मिळाला आणि कुठला बुरूज कच्चा आहे ते सगळं त्याने वजिराला सांगितलं. इथपर्यंत लेखक बरोबर आहेत. पण नंतर शहर साधारण दोन वर्षं लढलं हो! फितुरीने पडायचं असतं तर त्याच वर्षी नसतं का पडलं?

आता त्याने नेमकं सांगितलं काय ते बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. कँडियाला जमिनीच्या बाजूने सात मोठे कोनाकोनाचे बुरूज. आपल्या डोंगरी किल्ल्यासारखे गोल नाहीत, बाणाच्या टोकासारखे, म्हणजे एका बुरुजावरची तोफ शेजारच्या बुरुजाच्या पायथ्याला आलेला माणूस टिपू शकते, लपायला कोपराच नाही. मधले बुरूज भक्कम. 1667 चा सगळा उन्हाळा तुर्कांनी तिथेच डोकं आपटलं. बरोझ्झीने सांगितलं की मधे मरू नका, दोन्ही टोकांना जा, पश्चिमेला सांत आंद्रेआ आणि पूर्वेला साब्बियोनारा, जिथे तट समुद्राला भिडतो. म्हणून तोफा तिकडे हलल्या. आणि टोकांवर तोफा आल्या की नुसता तटच नाही, बंदरही त्यांच्या माऱ्यात येतं. माझ्या मते खरी कळ इथे आहे, कारण कँडिया जगत होतं बंदरावर. आजूबाजूचा सगळा मुलूख केव्हाच तुर्कांकडे गेला होता, शहरात आणायचं नळाचं पाणी त्यांनी तोडलं होतं, धान्य, दारूगोळा, नवीन शिपाई, जखमींना न्यायचं, सगळं समुद्रावरून. 20 वर्षं! आपल्याकडे सिद्दीचा जंजिरा का पडला नाही याचं उत्तरही बरंचसं हेच आहे, पण त्यावर लिहायला बसलो तर तुम्ही पत्र छापणार नाही.

पैसा कुठून आला हेही वाचण्यासारखं आहे. व्हेनिसमध्ये उमराव घराण्यांची यादी शेकडो वर्षं जवळजवळ बंद होती, बाहेरच्याला प्रवेश नाही. ह्या युद्धापायी त्यांनी ती उघडली, एक लाख डुकाट (तिथलं चलन) भरा आणि घराण्याचं नाव यादीत घाला. वखारवाले, व्यापारी लोक रांगेने उमराव झाले. जुन्या उमरावांच्या घरात तेव्हा काय बोललं गेलं असेल ते आपल्या पुण्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

लढाई मात्र बरीचशी जमिनीखाली झाली. तुर्कांचे सुरुंगवाले लांबून बोगदा खणत बुरुजाच्या पोटाखाली यायचे, तिथे एक खोली करायची, तीत दारूची पिंपं रचायची, मागचा रस्ता मातीने गच्च बुजवायचा (नाहीतर स्फोट मागेच फिरतो), आणि वात लावायची. आतले लोकही गप्प बसणारे नव्हते, ते उलटे बोगदे खणत यायचे, जमिनीला कान लावून ऐकायचे की कुदळीचा आवाज कुठून येतोय, आणि मग एकतर समोरच्याचा बोगदा आधीच उडवायचे नाहीतर दोन्ही बोगदे मधेच एकमेकांत फुटायचे आणि त्या अंधारात, वाकून उभं राहायला जागा नाही अशा ठिकाणी पिस्तूल आणि फावड्याने मारामारी. बुरूज ढासळला तर त्याच्या आतल्या बाजूला माती-लाकडाची दुसरी भिंत आधीच तयार असायची. ती गेली की मागे तिसरी. 1669 पर्यंत सांत आंद्रेआला तट असा उरलाच नव्हता, नुसता उकरलेला ढिगारा.

हे असं आपल्या अगदी जवळ झालेलं आहे, साताऱ्याला. 1700 साली औरंगजेब स्वतः वेढा घालून बसला होता, किल्लेदार प्रयागजी प्रभू. एप्रिलमध्ये मोगलांनी सुरुंग उडवले, पहिल्याने प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले, दुसरा उलटा बाहेर फुटला आणि मोगलांचीच दोनेक हजार माणसं दगडाखाली गेली. तरीही आठवड्याभराने प्रयागजींनी बोलणी करून गड दिला. राजाराम महाराज दीडेक महिन्यापूर्वी सिंहगडावर वारले होते, बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती. प्रयागजींना फितूर म्हणाल का? कोणी म्हणत नाही, पण का म्हणत नाही, तर ते ढिगाऱ्यातून निघाले ती गोष्ट आपल्याला माहितीये म्हणून. ज्यांची गोष्ट माहिती नाही अशा किल्लेदारांना मात्र आपण धडाधड फितूर करून टाकतो.

परत कँडियाला येतो. 1669 च्या जूनमध्ये फ्रेंच मदत आली, सहा हजारांच्या आसपास माणसं, आणि आली ती पोपच्या झेंड्याखाली, कारण फ्रान्सच्या राजाची सुलतानाशी दोस्ती होती आणि ती मोडायची नव्हती. म्हणजे मदत पण करायची आणि केली नाही असंही म्हणायचं. 25 जूनला पहाटे त्यांनी शहराबाहेर पडून हल्ला केला, सुरुवातीला तुर्कांचे मोर्चे घेतलेसुद्धा, पण घेतलेल्या मोर्च्यातल्या दारूने पेट घेतला, सगळ्यांना वाटलं पायाखाली सुरुंग आहेत आणि एकच पळापळ झाली. त्यांचा सरदार ड्यूक ऑफ बोफोर त्यात गेला, त्याचा मृतदेहसुद्धा सापडला नाही. महिन्याभराने त्यांचं तेरेज नावाचं मोठं जहाज बंदरासमोर तोफा डागता डागता स्वतःच उडालं. ऑगस्टमध्ये फ्रेंच जहाजात बसून घरी गेले आणि त्यांच्या पाठोपाठ बाकीचे मदतवालेही.

आता शहरात उरला फ्रांचेस्को मोरोसिनी, व्हेनिसचा सरसेनापती, आणि लढण्याजोगी साडेतीन हजारांच्या आसपास माणसं. समोर वजीर कोप्रुलू फाजिल अहमद, जो 1666 पासून बेटावर तळ ठोकून होता, हिवाळेसुद्धा छावणीत काढलेला माणूस. मोरोसिनीने व्हेनिसला विचारायची वाटही बघितली नाही, बोलणी लावली. तुर्कांकडून बोलणी करणारा दुभाषी पानायोतिस निकूसियोस हा स्वतः ग्रीक ख्रिश्चन, आता त्याला कुठल्या खणात टाकायचं ते तुम्हीच ठरवा! अटी काय ठरल्या तर सैन्य आणि शहरातल्या लोकांनी सामानसुमान घेऊन सुखरूप जायचं, ग्रामवूसा, सूदा आणि स्पिनालोंगा हे तीन समुद्री किल्ले व्हेनिसकडेच राहणार. आणि ह्या अटी पाळल्या गेल्या. सप्टेंबरअखेरीला चाव्या दिल्या तेव्हा शहर जवळजवळ रिकामं होतं, लोकांनी देवाच्या मूर्ती-तसबिरी नेल्या, सरकारी दप्तरसुद्धा नेलं, ते आज व्हेनिसच्या अर्काइव्हमध्ये आहे. साडेतीन हजार माणसं घेऊन अजून महिनाभर लढून सगळं शहर कापून घेतलं असतं तर ते पराक्रमात मोजलं गेलं असतं, आणि गाईडला सांगायला गोष्ट पण भारी झाली असती.

मोरोसिनी घरी पोचल्यावर काय झालं माहितीये? त्याच्यावरच आरोप ठेवले, परवानगी नसताना शहर दिलंस म्हणून, भ्याडपणा, फितुरी, सगळं. चौकशी झाली, तो निर्दोष सुटला, आणि 1688 मध्ये त्याच व्हेनिसने त्याला आपला डोज, म्हणजे राज्याचा प्रमुख केलं. (मधल्या काळात अथेन्सच्या पार्थेनॉनवर तोफगोळे टाकून ते उडवण्याचं पुण्यही ह्याच्याच नावावर आहे, म्हणून फार देव्हाऱ्यात बसवायचीही गरज नाही.)

आपण पुण्यातली माणसं तर पुरंदरच्या सावलीत राहतो. 1665 ला मुरारबाजी पडले, वज्रगड आधीच गेला होता, आणि महाराजांनी काय केलं, मिर्झाराजांशी बसून बोलणी केली, 23 किल्ले दिले आणि 12 ठेवले. ते शहाणपण होतं असं आपण शाळेपासून शिकतो, बरोबरच आहे. मग 1700 नंतर ज्या किल्लेदारांनी औरंगजेबाला महिनोन् महिने पावसात झुंजवलं, मग पैसे घेऊन माणसं-हत्यारांसकट खाली उतरले, आणि त्यातले कितीतरी किल्ले थोड्याच वर्षांत परत आपल्याकडे आले, त्यांना वेगळा न्याय का? सगळेच धुतल्या तांदळाचे होते असं मी म्हणत नाही. काही विकले गेलेही असतील. पण ते प्रत्येक गडापुरतं बघावं लागेल ना, दाणा किती उरला होता, पाण्याची टाकी कशी होती, बाहेरून कोण येणार होतं. आमच्या ग्रुपमधल्या पोरांना मी हे विचारतो तेव्हा ती वैतागतात, त्यांना दोर आणि कडा ऐकायचा असतो.

अजून एक राहिलं. क्रीटच्या खेड्यातले ग्रीक शेतकरी. व्हेनिसने त्यांच्यावर कर बसवले, त्यांना जबरदस्तीने गलबतांवर वल्ही मारायला धरून नेलं, आणि त्यांच्या पंथाचे बिशप बेटावर येऊ दिले नाहीत. तुर्कांनी आल्या आल्या ते येऊ दिले. तेव्हा त्यातले बरेच जण व्हेनिससाठी मरायला पुढे आले नाहीत, ह्यात नवल काय? त्या एका ओळीत हे लोकसुद्धा फितुरात जमा होतात.

तर विनंती अशी की तेवढी ओळ पुढच्या अंकात दुरुस्त करा. बरोझ्झीचं नाव जरूर ठेवा, पण त्याच्याबरोबर बंदर, फ्रेंचांचं परत जाणं आणि मोरोसिनीचा तह हेही दोन-तीन वाक्यांत येऊ द्या. आणि जमलं तर पुरवणीत वसईवरही एक लेख घ्या, चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये तिथे असेच कोनाचे बुरूज सुरुंगाने फोडले आणि मग पोर्तुगीजांना अटी घालून मानाने जाऊ दिलं. वसईची घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात टांगलीये हे बऱ्याच जणांना माहिती असतं, तहातली कलमं काय होती ते मात्र विचारून बघा कोणालाही. लेख लिहायला कोणी मिळालं नाही तर मला सांगा, मी लिहून देईन, मानधन नको.

आपला नियमित वाचक,
कोथरूड, पुणे