फ्लँडर्सच्या वाडीतली हिरवळ शोभेची नव्हे

संपादक महोदय,

बेल्जियमच्या प्रवासलेखांत ब्रुज आणि गेंटचे चौक, घंटामनोरे यांवर रकाने भरतात. वाड्यांची, म्हणजे लहान वस्त्यांची, बोळवण मात्र ‘टुमदार घरे, मधे हिरवळ’ एवढ्यावर होते. ती हिरवळ कशासाठी होती, हे सांगायलाच हवे.

बेल्जियमच्या पूर्व फ्लँडर्स आणि ब्राबांत या भागांतल्या कित्येक जुन्या वाड्यांच्या मधोमध, वाटा फुटतात तिथे, त्रिकोणी माळ असतो. त्याला ‘ड्रीस’ म्हणतात. हे सामाईक गायरान. गुरे इथेच गोळा करायची. खोलगट भागात पाणवठा, कडेने लिंडन नाहीतर ओकची झाडे. घरे माळाच्या काठाने, मागे फळबाग, आणि त्यापलीकडे ‘काउटर’, म्हणजे बिनकुंपणाचे सलग शिवार, पट्ट्यापट्ट्यांनी वाटलेले. त्यात तीन वर्षांचा फेर चाले: हिवाळी धान्य, मग वसंतात पेरलेले ओट किंवा जव, मग पड. शेजाऱ्याच्या पट्ट्यावरून गेल्याशिवाय आपला गाठता येत नसे आणि कापणीनंतर धसकटांवर सगळ्यांचीच गुरे सुटत. म्हणून पेरणी-कापणी एकदमच उरकावी लागे.

अशा वाडीला सहसा स्वतःचे चर्च नसते, फार तर कोपऱ्यावर छोटे प्रार्थनाघर. मोठ्या गावातल्या चर्चला जाणाऱ्या पायवाटा शेतांतून तिरप्या निघतात आणि आज सर्वांत आधी बुजतात त्या याच.

हे सगळे ताडून पाहायचे तर 1770 च्या दशकातला, फेरारिस या सेनाधिकाऱ्याने करवून घेतलेला नकाशा उघडावा. प्रमाण 1:11,520, म्हणजे 1 सेंटिमीटरला सुमारे 115 मीटर. माळ, बागा, शिवार त्यात ओळखू येतात, पण मोजमाप त्यावरून करू नये. अंतरे जागोजागी चुकतात. वाटांसाठी 10 एप्रिल 1841 च्या कायद्यानुसार गावोगाव तयार झालेले अ‍ॅटलास पाहावेत. त्यांत प्रत्येक वाटेला क्रमांक आहे.

विसाव्या शतकात वाडी ते वाडी रस्त्यालगत घरांची रांग लागली आणि वाडी कुठे संपते तेच कळेनासे झाले. पाणवठे बुजवून, माळावर डांबर ओतून गाड्यांना जागा केली गेली. सखल जागेतला पाणवठा गेला की पावसाचे पाणी रस्त्यावर येणारच. वाटांचे मात्र अजून सावरता येते. 2019 च्या फ्लेमिश कायद्यानुसार वापर थांबला म्हणून सार्वजनिक वाट रद्द होत नाही, त्यासाठी रीतसर निर्णय लागतो. कुंपण आडवे आलेले दिसले, तर अ‍ॅटलासातला क्रमांक देऊन स्थानिक पालिकेत चौकशी करावी.

आपला,
एक वाचक