तक्रार : 4 टीबीची हार्ड डिस्क आणि 3.63 टीबीची जागा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : हार्ड डिस्कच्या क्षमतेबाबत ग्राहक सेवेने दिलेली चुकीची माहिती

महोदय,

सांगलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई संपली की सगळं फुटेज एका डिस्कवर उतरवून ठेवायचं, हा माझा दरवर्षीचा शिरस्ता. यंदा विंडोजमध्ये सगळे फोल्डर मिळून 3.71 टीबी भरले, म्हणून तुमची 4 टीबीची डिस्क घेतली. एकेक फोल्डर कॉपी करत गेलो आणि शेवटच्या लग्नापाशी डिस्क भरली. 70 जीबीच्या वर माल बाहेरच. प्रॉपर्टीज उघडल्या, तर एकूण जागा 3.63 टीबी!

हेल्पलाइनला तीनदा फोन केला. पहिला म्हणाला, "फॉरमॅटिंगमध्ये जाते सर." दुसऱ्या बाईंना व्हायरसचा संशय. तिसऱ्याने तर सरळ डिस्क फॉरमॅट करायला सांगितली. ऐकलं असतं तर पन्नासेक घरची लग्नं पुसली गेली असती. माझी खरी तक्रार ही आहे.

कारण डिस्क ठणठणीत आहे. भाच्याच्या मॅकला लावली, तर तीच डिस्क 4 टीबी दाखवते. तुम्ही 1 टीबी म्हणजे 1 लाख कोटी बाइट धरता. विंडोज बाइटचे केबी, केबीचे एमबी, मग जीबी, टीबी असं करताना दर पायरीला 1000 ऐवजी 1024 ने भागतं, पण लिहितं मात्र टीबीच. केबीला हा फरक 2.4 टक्के असतो, तो वाढत टीबीला जवळजवळ 10 टक्क्यांवर जातो. माझ्या डिस्कवर त्याचे 370 जीबी झाले. फॉरमॅटिंगला एवढी जागा लागत नाही.

1024 च्या मापाला टेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावं 1998 सालीच ठरली आहेत. ती विंडोज वापरत नाही, त्याला तुम्ही काय करणार, हे मान्य. पण तुम्ही रॅमही विकता. तिथला तुमचा 16 जीबी 1024 च्या हिशेबाचा आणि डिस्कवरचा जीबी 1000 च्या. एकाच दुकानात दोन पायल्या! खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत '1 जीबी = 1 अब्ज बाइट' छापलंय, ते मी भिंगातून वाचलं.

डिस्क परत करायची नाही, फुटेज तिच्यावरच आहे. उरलेल्या लग्नासाठी वेगळी डिस्क मी घेतली, तिचे पैसेही मागत नाही. मात्र खोक्यावर 4 टीबीच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरांत 'विंडोजमध्ये सुमारे 3.63 टीबी' असं छापा. आणि जागा कमी दिसते म्हणणाऱ्या ग्राहकाला फॉरमॅट करायला सांगणं हेल्पलाइनवर आजपासून बंद करा. तसं केल्याचं लेखी उत्तर 15 दिवसांत न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

पावतीची प्रत आणि दोन्ही कॉम्प्युटरच्या स्क्रीनचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक, सांगली