जर्नलमधला ९.८ आणि झोपाळ्याच्या कडीला टांगलेले कुलूप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आल्या की अकरावी-बारावीच्या मुलांची जर्नल पुरी करण्याची धावपळ सुरू होते. कनिष्ठ महाविद्यालयात २९ वर्षे भौतिकशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, तरी गल्लीतली मुले अजून शंका घेऊन येतात. मागच्या आठवड्यात अकरावीतला एक मुलगा आला. साध्या लंबकाच्या प्रयोगाची रीडिंग सुबक अक्षरात लिहिलेली आणि लांबी कोणतीही असो, ‘जी’ची (गुरुत्वीय त्वरणाची) किंमत बरोब्बर ९.८! मी विचारले, "लंबक टांगला कशाला होतास?" तो गप्प. मग हळूच म्हणाला, "मॅडम, लॅब उघडतच नाही. रीडिंग ग्रुपवर आली."

आमच्या माजघरात झोपाळ्याची कडी आहे. तिला सुतळी बांधली, खाली जुने पितळी कुलूप अडकवले, सुतळी एक मीटर मोजून घेतली. वीस हेलकावे त्याने मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजले, ४०.९ सेकंद भरले. गणित केले तर ‘जी’ आला ९.४. पोराचा चेहरा उतरला, "चुकलं." मी काही सांगितले नाही. दहा मिनिटे तो कुलपाकडे बघत बसला आणि एकदम उठला. सुतळी संपते तिथपर्यंत लांबी मोजली होती, पण लंबकाची लांबी धरायची ती कुलपाच्या मध्यापर्यंत! सुतळी चार सेंटिमीटर आखूड करून पुन्हा मोजले. तीन वेळा मोजले तर ३९.६, ४०.३ आणि ४०.० सेकंद, म्हणजे ‘जी’ अनुक्रमे १०.०७, ९.७२ आणि ९.८७. तिन्ही वेगळे, आणि तिन्ही खरे. मोजताना बोट किती मागे-पुढे होते हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

बारावीला भौतिकशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रॅक्टिकल ३० गुणांची. हे ३० गुण आता ‘मिळतातच’ असे धरून चालतात. क्लासशी टाय-अप केलेल्या कितीतरी महाविद्यालयांत मुले दिवसभर सीईटी, जेईई, नीटचे प्रश्न सोडवतात आणि लॅबमधल्या व्हर्निअरवर (बारीक लांबी मोजायच्या मोजपट्टीवर) धूळ साचते. मुलांना दोष देऊ नये, त्यांच्यापुढे जे ठेवले तेच ती करतात. पण याची किंमत घरात मोजावी लागते. माझ्या नात्यातल्या एका हुशार मुलाने विजेच्या धड्यावरची सगळी गणिते सोडवली होती, आणि त्यानेच फ्रिजच्या प्लगची जाड पिन जुन्या बोर्डात बसत नाही म्हणून उपटून टाकली. पावसाळ्यात त्याच्या आईला ओल्या पायांनी फ्रिज उघडताना झटका बसला. नशीब, थोडक्यात निभावले. ती पिन अर्थिंगची. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग लावताना ती आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. आतली तार सुटून पत्र्याला लागली, तर वीज माणसाऐवजी त्या वाटेने जमिनीत जाते. हे त्याला कुणी हातात प्लग देऊन दाखवलेच नव्हते.

उपकरणे नाहीत ही सबब मला पटत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवरचा लाल दिवा एका युनिटला किती वेळा लुकलुकतो, ते मीटरवरच छापलेले असते. घरातले बाकी सगळे बंद करून फक्त गीझर लावा, घड्याळ लावून लुकलुक मोजा, गीझर किती वॉटचा ते निघते. १५०० वॉटचा असेल तर ४० मिनिटांत एक युनिट जळते. बिल भरणाऱ्या आईवडिलांनाही यात रस वाटेल.

शिक्षण मंडळाला माझी विनंती आहे की निम्मे प्रयोग असे घरच्या वस्तूंवर करू द्यावेत, आणि जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाखाली ‘काय चुकले’ यासाठी चार ओळी सक्तीच्या ठेवाव्यात. परीक्षकांना आणखी एक सांगणे आहे. त्या मुलाने जर्नलमधले उतरवलेले ९.८ खोडून स्वतःची सरासरी ९.८९ लिहिली आहे. जाताना त्याने मला विचारले, "मॅडम, मार्क कापतील का?" कृपया कापू नका.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, कराड