जाहिरातीत मुक्काम, जॉबकार्डावर गैरवापर

प्रति,
मा. प्रमुख,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणारी हायब्रिड मिनीव्हॅन मुक्कामासाठी वापरल्याचे कारण देऊन वॉरंटी नाकारल्याबाबत, तसेच मुक्कामाच्या सुरक्षिततेविषयी मॅन्युअलमध्ये माहिती नसल्याबाबत.

संदर्भ: १) खरेदीच्या वेळी मिळालेले माहितीपत्रक २) सेवा केंद्राचे जॉबकार्ड (दुरुस्तीची नोंद)

स. न. वि. वि.

तुमच्या माहितीपत्रकाच्या मधल्या दोन पानांवर ही मिनीव्हॅन तळ्याकाठी उभी आहे. मागचे दार वर उचललेले, आत गादी, गादीवर दोन मुले, छताला दिव्यांची माळ आणि गाडीच्या सॉकेटला लावलेली किटली. हे पान समोर धरूनच तुमच्या विक्रेत्याने आम्हाला गाडी विकली. आम्हीही काही लपवले नव्हते. लांबचे प्रवास करायचे, रात्री गाडीतच झोपायचे आणि तंबूचा व्याप टाळायचा, हा बेत पहिल्या भेटीतच त्याला सांगितला होता. आता त्याच गाडीच्या जॉबकार्डावर तुमच्या सेवा केंद्राने लिहून दिले आहे, 'गाडी उभी ठेवून आतील विद्युत उपकरणांचा दीर्घकाळ वापर. वॉरंटी लागू नाही.' दोन्ही कागद तुमचेच. यातला कोणता खरा मानायचा, हे मला लेखी हवे आहे.

गाडी वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. गर्दीतून रांगत जाताना इंजिन बंदच असते, पेट्रोल खरोखर कमी लागते. घाट उतरताना ब्रेक दाबला की वाया जाणारी शक्ती वीज होऊन साठते. उतार फारच लांबला तर बॅटरी भरते आणि इंजिन मोठ्याने गुरगुरू लागते, त्याचीही आता सवय झाली. हमरस्त्यावर एका वेगाने पळताना हायब्रिडचा फायदा शहरातल्याइतका मिळत नाही, हे घेण्याआधीच ठाऊक होते. चालत्या गाडीबद्दल माझी तक्रार नाही. ती आहे उभ्या गाडीबद्दल.

आधी वॉरंटीचे. एका ठिकाणी आमचा मुक्काम लांबला. गाडी सावलीत उभी होती, मुले दिवसभर आतबाहेर करत होती, सरकते दार बटणावर उघडत होते, मिटत होते. निघायच्या दिवशी सकाळी बटण दाबले तर गाडी ढिम्म. स्क्रीन नाही, दिवा नाही. जवळपास वस्ती नाही आणि फोनला रेंजही नाही. दुसऱ्या एका प्रवाशाने गाडी थांबवून जंपर केबल लावली म्हणून आम्ही तिथून हललो. त्या वेळी मोठी हायब्रिड बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली होती. गाडी सुरू झाल्यावर स्क्रीनवर तसे स्वच्छ दिसले.

हे असे का होते ते तुमच्या इंजिनिअरांना मी सांगायला नको, पण तुमच्या काउंटरवर बसलेल्यांना सांगावे लागले म्हणून लिहिते. या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. गाडी ओढणारी मोठी, आणि कुलपे, दिवे, संगणक चालवणारी साधी १२ व्होल्टची. इंजिन फिरवून सुरू करण्याचे काम मोठ्या बॅटरीवरची मोटर करते, म्हणून १२ व्होल्टची बॅटरी तुम्ही लहान दिली आहे. मात्र मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, १२ व्होल्टवरच चालतात. ती लहान बॅटरी उतरली की मोठीतली सगळी वीज कोठाराची किल्ली कोठारातच राहावी तशी आत अडकते. दार उघडे राहिले की दिवे, दाराची मोटर, आणि चावी गाडीच्या आसपास वावरत असली की दर थोड्या वेळाने जागा होणारा संगणक, हे सगळे त्या लहान बॅटरीवर. मुक्कामाला थांबलेल्या माणसाची चावी गाडीच्या आसपास नाही राहणार तर कुठे राहणार?

त्यातून ही बॅटरी तुम्ही मागे, सामानाच्या जागेत पत्र्याआड बसवली आहे. बॅटरी उतरली की मागचे दार बटणाने उघडत नाही. ते आतून हाताने उघडायची सोय आहे, पण ती दाराच्या अस्तराखाली, आणि अस्तरापर्यंत पोचायचे तर आधी गादी, पेट्या आणि पाण्याचे कॅन पुढच्या दारातून बाहेर काढायचे. केबल लावण्यासाठी बोनेटखाली वेगळी टोके दिली आहेत ही तेवढी चांगली गोष्ट. मॅन्युअल हाताशी होते म्हणून ती सापडली.

सेवा केंद्रात बॅटरी तपासली, तिने दम सोडला असे सांगितले आणि बदलण्याचे बिल माझ्या हातात ठेवले. वॉरंटीचे विचारले तर उत्तर मिळाले, "मॅडम, गाडी ही चालवायची असते." मी माहितीपत्रकाचे पान दाखवले. "ते मार्केटिंगचं आहे," असे त्यावरचे उत्तर. हे वाक्य त्यांनी जॉबकार्डावर लिहायला हवे होते.

आता त्याहून गंभीर गोष्ट, जिच्यात माझ्या पैशांचा प्रश्न नाही. रात्री एसी लावून झोपायचे तर गाडी 'रेडी', म्हणजे बटणाने सुरू केलेली, ठेवावी लागते. एसीचा कॉम्प्रेसर मोठ्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे सुरुवातीला इंजिन बंद असते आणि सगळे शांत असते. ही शांतता फसवी आहे. मोठी म्हणून जी बॅटरी म्हणायची तिची सगळी क्षमता दोन युनिटांच्या आत. बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून संगणक तिचा मधलाच भाग वापरू देतो, म्हणजे हाताशी एक युनिटही नाही. ते संपत आले की इंजिन आपोआप सुरू होते, काही मिनिटे चालते, बंद होते. गाडी 'रेडी' असेपर्यंत हेच. आतल्या माणसांना त्याची जागही येत नाही इतके ते हळुवार होते, आणि तुम्ही या हळुवारपणाची जाहिरात करता.

इंजिन चालले की सायलेन्सरमधून धूर येणारच, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला तो उठू देत नाही. उघड्यावर, वारा वाहत असताना धोका कमी. पण गाडीची मागची बाजू भिंतीला किंवा मातीच्या उंचवट्याला चिकटून लावली, सायलेन्सरचे तोंड बर्फात गेले किंवा गाडी बंदिस्त जागेत उभी केली, तर तो धूर आत यायला वेळ लागत नाही. मागच्या दाराला जोडायचे कापडी तंबू मिळतात. ते तर सायलेन्सरच्या बरोबर वरच येतात. शिवाय वाळलेल्या उंच गवतात गाडी लावली तर खालचा तापलेला भाग गवत पेटवू शकतो, तेही इंजिन कोणी मुद्दाम सुरू केलेले नसताना.

हे सगळे मनात ठेवून तुम्ही स्वतः तुमचे ते पान पुन्हा पाहावे. मागचे दार उघडे, मुले काठावर, किटली सॉकेटला. ते १५०० वॉटचे सॉकेट गाडी 'रेडी' असल्याशिवाय चालतच नाही. म्हणजे त्या चित्रातली गाडी सुरू आहे, इंजिन केव्हाही सुरू होऊ शकते, आणि सायलेन्सर मुलांच्या पायांखाली आहे. हे चित्र छापण्याआधी तुमच्याकडच्या एकाही इंजिनिअरला दाखवले नसावे. त्या दोन पानांवर कार्बन मोनॉक्साइडबद्दल एक ओळ नाही. मॅन्युअलमध्ये इशारा आहे तो बंद गॅरेजपुरता. गाडीत झोपणाऱ्याने काय काळजी घ्यावी, गॅसचा अलार्म ठेवावा, काच किती उघडी ठेवावी, यावर अक्षर नाही.

गाडी 'रेडी' ठेवून पी (पार्किंग) गिअरमध्ये उभी केली की ठरावीक वेळाने ती स्वतःच बंद पडते. बटणाच्या गाड्या लोक सुरूच विसरून जातात आणि गॅरेजातला धूर घरात शिरून माणसे दगावली आहेत, म्हणून ही सोय असते. तिच्यावर माझा आक्षेप नाही. पण विक्रेत्याने रात्रभर एसी चालेल असे सांगितले होते आणि आम्ही मध्यरात्री घामाघूम होऊन उठलो. पुन्हा चालू करावी तर समोरचे दिवे लागतात, स्क्रीन झगझगते, शेजारी झोपलेले उठतात. हॅन्डब्रेक ओढला की पुढचे दिवे बंद राहतात ही युक्ती आमची आम्ही शोधली. स्क्रीनवर अजूनही टॉवेल टाकावा लागतो.

याबाबत तुमच्या हेल्पलाइनला फोन केला तर सल्ला मिळाला की गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, इंजिन मध्येच सुरू होऊन त्रास देणार नाही. हा सल्ला कोणत्या कागदावरून वाचून दाखवला ते कृपया शोधावे. न्यूट्रलमध्ये मोठी बॅटरी चार्जच होत नाही, हे तुमच्याच मॅन्युअलमध्ये आहे. ती रिकामी होत जाणार आणि सकाळी गाडी जागची हलणार नाही. आणि उतारावर चाकांचा आधार केवळ हॅन्डब्रेकवर सोडून आत मुलांना झोपवायचे, हे मला तरी जमणार नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मधल्या रांगेच्या सीट काढता येत नाहीत. त्यांच्यात एअरबॅग आणि वायरी आहेत, त्यामुळे काढू नयेत हे मान्य. पण त्या पुढे ढकलूनही उंच माणसाला पाय सरळ करता येत नाहीत, आणि चित्रातली गादी मात्र ऐसपैस दिसते. चित्रात मधली रांग आहे का, हे मी भिंग घेऊन पाहिले. दिसत नाही. मोठ्या बॅटरीला थंड हवा देणारी जाळी सीटच्या बाजूला आहे. गादी किंवा पांघरूण नेमके तिच्यावर येते. जाळी झाकली की पंखा घरघरतो, बॅटरी तापते आणि संगणक तिच्याकडून कमी काम घेतो. कच्च्या रस्त्यांवरच्या धुळीने जाळीमागचा फिल्टरही भरतो. तिथे एक स्टिकर लावायला कितीसा खर्च आला असता? स्टेपनीऐवजी तुम्ही पंक्चरचे किट दिले आहे. त्यातला चिकट द्राव खिळ्याच्या भोकाला उपयोगी पडतो, दगडाने टायरची बाजू फाटली तर त्याचा काहीही उपयोग नाही. वस्तीपासून दूर जाण्यासाठी म्हणून विकलेल्या गाडीत स्टेपनी नसावी, याचे उत्तर वजन वाचवण्याचे असेल तर ते मला पुरेसे वाटत नाही.

यातले काही अशक्यप्राय मागते आहे असेही नाही. टोयोटाने २००१ मध्ये एस्टिमा ही हायब्रिड मिनीव्हॅन आणली तेव्हाच तिला १५०० वॉटचे सॉकेट होते. टेस्लाने २०१९ च्या अखेरीस आपल्या गाड्यांना मुक्कामात एसी आणि दिवे चालू ठेवणारा 'कॅम्प मोड' दिला, तोही सॉफ्टवेअरच्या अपडेटने. त्या गाड्यांना इंजिन नाही, धूर नाही, त्यामुळे त्यांचे काम सोपे होते हे खरे. म्हणूनच तुम्ही दुप्पट काळजी घ्यायला हवी होती.

माझी पहिली मागणी अशी की जॉबकार्डावरचा शेरा रद्द करून १२ व्होल्टच्या बॅटरीचे आणि मजुरीचे पैसे परत करावेत. माहितीपत्रकात दाखवलेला वापर गैरवापर ठरत नाही, असे पत्रही सोबत द्यावे, म्हणजे पुढच्या वेळी काउंटरवर वाद होणार नाही. दुसरी मागणी सॉफ्टवेअरची. मुक्कामासाठी वेगळा मोड द्या, ज्यात बाहेरचे दिवे आणि स्क्रीन बंद राहतील, आपोआप बंद पडण्याची वेळ आधी दिसेल आणि इंजिन सुरू होण्याआधी आत सूचना वाजेल. गाडी बंद असताना लहान बॅटरी एका मर्यादेखाली गेली तर मोठीतून ती आपोआप भरून घेण्याची सोयही हवी. विजेवरच्या अनेक गाड्या हे करतात.

तिसरी मागणी लांबवू नये. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा, सायलेन्सरभोवतीची मोकळी जागा, वाळके गवत आणि थंड हवेची जाळी यांची सूचना सर्व ग्राहकांना ताबडतोब पाठवा आणि ते चित्र मागे घ्या. हेल्पलाइनवरचा न्यूट्रलचा सल्ला तर आजच बंद करा.

पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर यावे. फोनवरचे आश्वासन मी उत्तर धरणार नाही. मुदतीत उत्तर न आल्यास हीच कागदपत्रे ग्राहक हक्कांच्या आणि वाहन सुरक्षिततेच्या संबंधित यंत्रणांकडे पाठवीन. उतरवलेली जुनी बॅटरी मी सेवा केंद्रातून मागून घेतली आहे. तुमच्या तंत्रज्ञांना तपासायची असल्यास माझ्यासमक्ष तपासता येईल.

कळावे,

आपली,
(ग्राहकाची सही)

सोबत: माहितीपत्रकाच्या दोन पानांची प्रत, जॉबकार्ड व बिलाची प्रत, हेल्पलाइनवरील तक्रारीची पोच.