दोष बॅटरीचा नव्हे, किल्लीमागच्या स्विचचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर माझी अकरा वर्षे वापरातली पेट्रोल गाडी अचानक बंद पडली. नुसते इंजिनच नव्हे, तर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे आणि वायपरही एकदम गेले. स्टिअरिंग जड झाले, ब्रेकचे पेडल दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला दगडासारखे लागू लागले आणि पाठीमागे मालट्रक होता. हॅझर्ड दिवे तेवढे लागले, कारण बहुतेक गाड्यांत त्यांना इग्निशन बंद असतानाही बॅटरीकडून वीज मिळते. हँडब्रेक ओढून किल्ली पुन्हा फिरवली, तेव्हा जणू काही घडलेच नाही अशा थाटात गाडी सुरू झाली.

पुढच्या दोन महिन्यांत एका गॅरेजने बॅटरी बदलली, दुसऱ्याने सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) उतरवून त्याचे कार्बन बदलले आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. तिसऱ्या ठिकाणी एका वयस्क वायरिंगवाल्याने गाडी जागेवर चालू ठेवली आणि किल्ली बोटाने हलकेच हलवली, तोच डॅशबोर्ड लुकलुकला आणि इंजिन विझले. किल्ली ज्यात फिरते ते कुलूप आणि त्यामागे बसवलेला विजेचा स्विच, म्हणजे इग्निशन स्विच, हे दोन वेगळे भाग आहेत, हे मला त्या दिवशी कळले. कुलूप धडधाकट होते. स्विचच्या आतले तांब्याचे संपर्क मात्र जळून काळे पडले होते आणि प्लॅस्टिक एका कडेला वितळले होते. त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, मग स्टिअरिंगखालचे कव्हर काढून दोन स्क्रूंवर बसलेला स्विच तेवढा बदलला. किल्ली जुनीच राहिली. बॅटरी बदलणाऱ्या गॅरेजने तर नंतर दारांच्या कुलपांसह सगळा लॉकसेट बदलण्याचा सल्ला दिला होता.

हा दोष ओळखणे अवघड नाही. चालत्या गाडीत इंजिन बंद पडले पण डॅशबोर्डचे दिवे जळत राहिले, तर संशय आधी इंधनपंपावर किंवा सेन्सरवर घ्यावा. दिव्यांसकट सगळेच गेले आणि बॅटरीच्या तारा घट्ट असतील, तर तो इग्निशन स्विचवर घ्यावा. सेल्फ मारताना इंजिन पेटते आणि किल्ली सोडताक्षणी विझते, हे आणखी एक बोलके लक्षण आहे, कारण ‘स्टार्ट’चा संपर्क शाबूत असतो आणि ‘ऑन’चा गेलेला असतो. दिवे लख्ख असूनही सेल्फ अजिबात ओढत नसेल, तर किल्ली फिरवून धरलेली असताना सेल्फच्या बारीक वायरवर १२ व्होल्ट येतात का, हे टेस्ट लॅम्पने पाहता येते. येत असतील तर दोष बहुधा सेल्फमध्ये, येत नसतील तर स्विच, रिले (थोड्या विजेवर चालून मोठा भार स्वतःवर घेणारा जोडस्विच) किंवा मधल्या वायरिंगमध्ये. किल्ली फिरायलाच अडखळत असेल, तर तो कुलपाचा प्रश्न आहे. त्यात घरातले तेल सोडू नये. धूळ चिकटून ते आणखी अडते.

माझ्या स्विचच्या जळण्याला मीही जबाबदार आहे. जादा हॉर्न आणि दिवे बसवताना दुकानदाराने रिले न लावता त्यांची वीज थेट इग्निशनच्या वायरवरून घेतली होती, म्हणजे त्यांचा सगळा भार किल्लीच्या स्विचवर टाकला होता, आणि मी मान डोलावली होती. शिवाय किल्लीला घर, कपाट, स्कूटर यांच्या किल्ल्या आणि मारुतीची एक पितळी गदा लटकत होती. हे वजन क्षुल्लक वाटते. पण अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही गाड्यांच्या स्विचमध्ये किल्ली जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंग कमकुवत होती, त्यामुळे जुडग्याच्या भाराने किंवा खड्ड्याच्या धक्क्याने किल्ली ‘ऑन’वरून मागे सरकायची, इंजिन बंद पडायचे आणि धडकेच्या वेळी एअरबॅग उघडत नसत. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत मागवाव्या लागल्या आणि कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. सुधारित स्विचला २००६ मध्येच मंजुरी मिळाली होती, पण भाग क्रमांक जुनाच ठेवल्यामुळे दोषाचा माग काढणारे वर्षानुवर्षे चकत राहिले.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर सदोष वाहने सक्तीने परत मागवण्याची तरतूद झाली आणि तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. मात्र ही सक्ती सात वर्षांपर्यंतच्या वाहनांनाच आहे. किल्लीच्या स्विचची झीज नेमकी त्यानंतर जाणवू लागते आणि तोवर गाडी अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेली असते. पहिल्या सात वर्षांत ज्या दोषाबद्दल गाडी परत मागवली गेली, तो दुरुस्त झाला की नाही, याची नोंद मालकी हस्तांतराच्या वेळी नव्या मालकाला दाखवणे परिवहन विभागाने बंधनकारक करावे. गॅरेजचालकांनीही भाग बदलण्यापूर्वी कोणती तपासणी केली, हे बिलावर लिहावे आणि काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्यावा. माझा जळका स्विच मी मागून घेतला. ती जुनी बॅटरी मात्र, जी बहुधा चांगलीच होती, गॅरेजमध्येच राहिली.

आपला,
एक वाहनधारक, पुणे