माळ्यावरची शिसवाची फळी

मिरज, रविवार

ती. आई आणि ती. आबा यांस साष्टांग नमस्कार.

आबा, डोळ्याची पट्टी निघाल्याचं ताईनं सांगितलं, जिवात जीव आला. आई, आबांना वाकून काही उचलू देऊ नकोस.

फोनवर बोलायचा धीर होत नाही, म्हणून लिहितोय. आज्जानं माळ्यावर जपून ठेवलेली शिसवाची फळी मी कापली. तुम्हाला न विचारता कापली, चुकलं माझं. कोल्हापूरच्या एका बाईंनी क्लासिकल गिटार करून मागितली. आपल्याकडच्या शिसवाला जगभरचे गिटारवाले मागणी करतात, आणि इतकं वाळलेलं लाकूड आता विकत कुठं मिळतंय?

रंधून अडीच मिलिमीटरवर आणली. गरम पाइपवर ओली पट्टी वाकवताना पहिली पट्टी कमरेच्या वळणाला तडकली. त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसरीला मात्र घाई केली नाही. लाकूड सैल पडल्याचं हाताला कळेपर्यंत थांबलो, तुम्ही शिकवलंत तसा.

वरची तबली, तारांखालची पातळ फळी, स्प्रूसच्या लाकडाची. तिला आतून पंख्यासारख्या सात पट्ट्या चिकटवल्या आणि अंगठ्यानं ठोकून ऐकत त्या थोड्या थोड्या तासल्या. ही पद्धत पक्की केली ती स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसनं. वाद्याचा आवाज तबलीत असतो हे दाखवायला त्यानं १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या होत्या. तुम्हीही तबलीबद्दल हेच सांगत आलात. मग शिसव कशाला कापलंस, असं तुम्ही विचारणार. आबा, मी केलेल्या पहिल्या गिटारीत आज्जाचं काहीतरी असावं असं वाटलं. दुसरं कारण नाही.

घोडीपाशी हात चुकला. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता, तार त्याला चाटत बोलते. गिटारीत तार एका कडेवरून स्वच्छ सुटायला हवी. वीस वर्षांची सवय, हाडाची पट्टी मी नकळत तशीच घासली आणि गिटार झणझणायला लागली. नवी पट्टी घातली, आता स्वच्छ बोलते. पण त्या झणझणीनं दिवसभर तुमची आठवण काढली.

कारण गायकांच्या तंबोऱ्यांची जोडी तयार होऊन भिंतीला टेकून आहे. भोपळे, दांडी, खुंट्या, पॉलिश, सगळं झालंय. घोडीचा माथा घासून तार बोलती करायची, ती जवारी तेवढी लावलेली नाही. मी लावलेली जवारी पहिले चार दिवस खुलते, मग षड्ज मिटतो. कुठं कमी पडतो ते मला अजून ऐकू येत नाही, तुम्हाला येतं. कानस मी चालवतो, डोळ्याला ताण नको. तुम्ही नुसते शेजारी बसा आणि ऐका. गिऱ्हाइकाला 'आबा आल्यावर' असं सांगून ठेवलंय.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेढे वाटून झाल्यावर तुम्ही म्हणाला होता, आता पोरं यायला पाहिजेत. गल्लीतली दोन यायला लागलीत. आली गिटार बघून, पण मी त्यांना आधी भोपळा कापायला बसवलंय.

फळीचा हातभर तुकडा उरला, तो कापडात गुंडाळून परत माळ्यावर ठेवलाय. डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले की कळवा, स्टेशनावर न्यायला येतो.

तुमचा,
बाळू